कंबर दुखते, पण दाबायची कुठे?

भारतात फोन लावला की ख्यालीखुशालीनंतर हमखास येणारा विषय म्हणजे कंबरदुखी. कुणी बाम चोळतंय, कुणी पट्टा बांधतंय, तर कुणी एमआरआयची फिल्म घेऊन ऑपरेशनची तारीख विचारायला निघालंय. पण कंबरेच्या चार बोटं खाली कुणी दाबून बघत नाही. कारण ती जागा कुल्ल्यांची! कवितेत 'नितंब' चालतात, पण डॉक्टरसमोर 'कुल्ला दुखतो' म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

इथे अमेरिकेत लायसन्सवाला मसाज थेरपिस्ट कंबरदुखीसाठी सरळ कुल्ल्यात कोपर रोवतो. अंगावर चादर असते, तेवढाच भाग दाबला जातो. लाजण्यासारखं काही नाही. कुल्ल्याच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस हा स्नायू आपण एका पायावर आलो की कंबरेचा सांगाडा कलू देत नाही. त्यात दुखऱ्या गाठी झाल्या की कळ कंबरेत जाणवते. गाडीचा आवाज एकीकडे, बिघाड दुसरीकडे, तसंच! केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ आणि १९९२ साली दोन जाडजूड खंड लिहिले ते अशा गाठींवरच. या गाठींच्या सिद्धान्तावर आजही वाद आहेत, हेही खरं.

मसाज म्हणजे जादू नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मसाज असे उपाय सुचवले, पण मसाजचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचंही नोंदवलं. आराम बहुधा तात्पुरता मिळतो, पण त्या आरामात माणूस चालायला, व्यायामाला लागतो, हा खरा फायदा.

आणि एमआरआय? १९९४ च्या एका अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला. त्यातल्या ६४ टक्क्यांच्या एका तरी चकतीत दोष सापडला! म्हणजे नुसता रिपोर्ट वाचून घाबरायचं कारण नाही.

घरी करायचं तर टेनिसचा बॉल भिंत आणि कुल्ला यांच्यामध्ये धरा, दुखरी जागा सापडली की मिनिटभर हलका भार द्या. पायात मुंग्या किंवा चमक आली तर लगेच थांबा, तिथून सायटिक नस जाते. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर मात्र बॉल फेका आणि तडक हॉस्पिटल गाठा. पडल्यावर किंवा तापासोबत पाठ दुखत असेल तरीही डॉक्टरच.

गंमत म्हणजे हे आपल्याला नवीन नाही. बाळंतिणीला चोळणारी बाई कंबरेबरोबर कुल्लेही रगडते, तेव्हा घरात कुणी लाजत नाही. मग आजोबांच्या कंबरेनेच काय घोडं मारलंय? ऑपरेशनला हो म्हणण्याआधी फिजिओथेरपिस्टला एवढं तरी विचारा, "जरा खाली दाबून बघता का?"