खातेदार सापडेना!
कर्जाचा एक हप्ता थकू द्या, बँक माणसाला सासुरवाडीच्या माळ्यावरूनही हुडकून काढते. तीच बँक देणेकरी झाली, की तिला एकाएकी मोतीबिंदू होतो! म्हणे, "खातेदार सापडत नाही." सापडणार कसा? तो बिचारा गेला वर, आणि पासबुक राहिले साड्यांच्या घडीत.

१० वर्षे कोणी फिरकले नाही, की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासूनची ही व्यवस्था. निधीचे नाव काय, तर ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता! पैसा बुडत नाही, हे कबूल. वारस केव्हाही मागू शकतो. शोधायला २०२३ साली 'उद्गम' नावाचे संकेतस्थळही निघाले. तिथे नावाच्या जोडीला पॅन, नाहीतर जन्मतारीख वगैरे लागते. आता आजोबांची जन्मतारीख घरात ठाऊक असते ती अशी : "मोठा पूर आला, त्या आषाढात."

एवढे करून ठेव सापडलीच, तर शाखेत माझ्यासारखा कारकून विचारणार, "तुम्हीच त्यांच्या पत्नी कशावरून?" चाळीस वर्षे त्यांचे डबे भरलेल्या बाईने याला काय उत्तर द्यावे?

अहो, नॉमिनीचे नाव आपल्याच कपाटात आहे. वसुलीला धाडता, तसा एकदा पैसे पोचवायलाही माणूस धाडा की! पत्ता सापडला नाही, तर वसुलीवाल्यांना विचारा. त्यांना गल्ल्या पाठ असतात.