युक्रेनचा इतिहास कोणाच्या तोंडून ऐकावा?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. त्याची वैचारिक पूर्वतयारी आधीच झाली होती. रशियन व युक्रेनियन हे एकच लोक होत, असे प्रतिपादन करणारा प्रदीर्घ लेख राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध केला होता. एखाद्या समाजाला स्वतंत्र अस्तित्वच नाही असे ठरविले, की त्याची भूमी बळकावणे हा अन्याय वाटेनासा होतो. म्हणूनच हे युद्ध भूमीइतकेच इतिहासाविषयीही आहे, असे आम्हांस वाटते.

जगाने हा इतिहास दीर्घकाळ मॉस्कोकडून ऐकला. आपल्याकडेही सोव्हिएत संघाला सर्रास 'रशिया' म्हटले जाई आणि त्या एका नावात पंधरा प्रजासत्ताके लुप्त होत. वस्तुतः इ. स. ९८८ च्या सुमारास राजा व्होलोदिमिरच्या काळी कीव्हच्या प्रजेला स्नानसंस्कार मिळाला. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७ सालचा आहे. १८७६ मध्ये झारने युक्रेनियन भाषेतील ग्रंथमुद्रणावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. भाषा वेगळी नव्हती, तर बंदीची गरज का भासली? १९३२-३३ च्या मानवनिर्मित दुष्काळात, म्हणजे 'होलोदोमोर'मध्ये, लक्षावधी युक्रेनियन मृत्युमुखी पडले आणि सोव्हिएत सत्तेने तो अनेक दशके नाकारला. पुढे १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला.

या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचेही रक्त सांडले आहे. १९४५ मध्ये युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभेच्या बिशपांना अटक झाली. १९४६ मध्ये ल्विव्ह येथे त्यांच्या अनुपस्थितीत सभा भरवून ही ख्रिस्तसभा रशियन ऑर्थोडॉक्स सभेत विलीन झाल्याचे घोषित करण्यात आले. महागुरू योसिफ स्लिपी यांची सुटका १९६३ मध्ये झाली. श्रद्धावंतांनी मात्र १९८९ पर्यंत गुप्तपणे उपासना चालू ठेवली.

असे असूनही ऑगस्ट २०२३ मध्ये रशियन कॅथलिक युवकांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी सम्राट पीटर व सम्राज्ञी कॅथरीन यांच्या 'महान रशिया'चा गौरवाने उल्लेख केला. याच सत्ताधीशांच्या साम्राज्याने युक्रेनची स्वायत्तता संपविली होती. ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभेचे प्रमुख महागुरू स्वियातोस्लाव शेवचुक यांनी आपली वेदना उघडपणे व्यक्त केली. तो उल्लेख समर्पक नव्हता, हे पोप महोदयांनी पुढे मान्य केले. होलोदोमोरला वंशसंहार म्हणणारेही तेच होते. सद्भावी माणसाच्या मुखीही विजेत्याचा इतिहास किती सहज येतो, हे यावरून ध्यानात यावे.

युक्रेनचा इतिहास निष्कलंक आहे, असे आम्ही म्हणत नाही. १९४३ मध्ये व्होलिन प्रांतात युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी हजारो पोलिश कॅथलिकांची हत्या केली. परंतु आपल्या पापांसह आपला इतिहास स्वतः सांगण्याचा अधिकार प्रत्येक समाजाला आहे. शांततेच्या वाटाघाटींत सीमारेषांची चर्चा होते, तेव्हा त्या भूमीवरील माणसे स्वतःला कोण म्हणवतात, हेही विचारले गेले पाहिजे. न्यायाविना शांतता टिकत नाही, आणि समोरच्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकून घेणे, ही न्यायाची पहिली पायरी आहे.