तोरणा उतरल्यानंतर

डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याची शर्यत झाली की मीरा-भाईंदरच्या धावणाऱ्या मंडळींत आठवडाभर तोच विषय असतो. ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर अशी अंतरे, तीन गड, कातळ, घसारा आणि कारवीचे रान. आपल्याकडची पोरे-पोरी तिची तयारी उत्तन-डोंगरीच्या चढावर नाहीतर चेण्याकडच्या घोडबंदर रस्त्यावर पहाटे उठून करतात. तयारीवर या स्तंभात पुष्कळ लिहिले. आज लिहायचे आहे ते शर्यतीनंतरच्या पंधरवड्याबद्दल, कारण तो आपण कुणी मोजतच नाही. ‘शनिवारी तोरणा, सोमवारी चर्चगेट’ असे अभिमानाने सांगणारे मला दरवर्षी भेटतात आणि त्यांचे कौतुकही होते. ते कौतुक थांबले पाहिजे.

डोंगरातली शर्यत चढावर दमवते, पण मोडते उतारावर. तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराचा सगळा भार रोखून धरत असतात. आकसून राहायचे आणि त्याच वेळी ताणलेही जायचे, असे हे उलटे काम. त्यात स्नायूंचे सूक्ष्म तंतू तुटतात, तेही प्रत्येक पावलाला थोडे थोडे. गंमत अशी की ही इजा लगेच बोलत नाही. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचते. रविवारी सकाळी वाटते, मी तर ठणठणीत आहे.

मी ही शर्यत धावून आले, त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी भाईंदर स्टेशनचा पूल मी चढले, उतरता मात्र येईना. कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी. मागे विरार लोकलची सगळी गर्दी तुंबलेली. रिकामी टोपली घेऊन निघालेल्या एका कोळीण मावशींनी अंग चोरून वाट दिली आणि म्हणाल्या, “सावकाश जा गो बाय.” दिवसभरात मला मिळालेला तो एकमेव शहाणा सल्ला होता. बाकी सगळ्यांनी वेदनाशामक गोळी सुचवली होती.

त्या गोळीबद्दल स्पष्ट लिहिते. तुटलेल्या स्नायूंमधली प्रथिने रक्तात उतरतात आणि ती गाळून टाकायचे काम मूत्रपिंडांवर येते. अंगातले पाणी कमी झालेले असते, मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात. अशा वेळी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त आणखी घटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटर पळणाऱ्या ८९ जणांना पाहिले गेले. आयब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झालेली आढळली, न घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या. अभ्यास छोटा आहे, फरक निर्णायक म्हणता येणार नाही. पण गोळी न घेताही तिघांतल्या एकाचे हे होत असेल, तर वर आणखी भार कशाला? लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर घरी थांबायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे, रक्तातले मीठ पातळ होते. पाण्याबरोबर मीठ-साखर, ताक, वरणभात पोटात गेले पाहिजे.

राजगडाच्या पद्मावती माचीवर मी ताक प्यायले होते. ताक देणाऱ्या मावशी पायथ्याच्या गावातून सकाळी ओझे घेऊन वर येतात आणि दुपार कलली की उतरतात. आम्ही त्या वाटेसाठी छातीवर नंबर लावतो. त्यांचे पाय वर्षानुवर्षांच्या चढ-उतारांनी घडले आहेत, आपले काही महिन्यांच्या रविवारांनी. पाय घडतात ते धावताना नव्हे, धावून आल्यावर, झोपेत आणि विश्रांतीत. तुटलेला तंतू भरून येतो तेव्हाच तो पुढच्या उताराला तयार होतो. ती भरपाई अर्धवट सोडून पुन्हा पळणारा माणूस मागच्याच शर्यतीतली इजा घेऊन पळत असतो.

मनाचेही तसेच. पदक भिंतीवर लागले की दोन-चार दिवसांत एक रिकामपण येते आणि ते भरायला माणूस लगेच पुढच्या शर्यतीचे पैसे भरून मोकळा होतो. त्या आठवड्यात पैसे भरू नका. त्याऐवजी वही काढा आणि लिहा: पाणी कुठे संपले, खाणे कुठून नकोसे झाले, कुठल्या वळणावर सोडून द्यावेसे वाटले आणि का नाही सोडले. महिन्याभराने आठवण गोड होते आणि खरे काही हाती लागत नाही.

पुन्हा धावायचे कधी, याला माझा नियम एकच. कठडा न धरता, न दुखता पूल उतरता आला की सुरुवात, तीही हलकी. तोवर उत्तनच्या किनाऱ्यावर संध्याकाळचे चालणे पुरे.

धावणाऱ्या गटांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. पुढच्या मोसमात ५३ किंवा १०० किलोमीटरसाठी कुणी नाव नोंदवले, की त्याला सरावाच्या वेळापत्रकाबरोबर हेही विचारा: शर्यतीनंतरच्या सोमवार-मंगळवारची रजा टाकलीस का? टाकली नसेल, तर त्याला २५ किलोमीटरमध्येच उतरवा.