डिंकाचं राजकारण

मोबाईलची किंमत डब्यावर छापलेली असते ही पहिली थाप. डब्यावर असतो तो फक्त पहिला हप्ता. उरलेली किंमत यंत्राच्या पोटात डिंकाने चिकटवून ठेवलेली असते आणि ती आपल्याकडून मागाहून, तुकड्यातुकड्याने वसूल होते. म्हणून दोस्तांनो, फोन कसा बनवलाय हा नुसता कारागिरांचा विषय समजू नका. तो आपल्या खिशाचा विषय आहे.

२००३ साली नोकियाने ११०० नावाचा फोन काढला. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, अंधारासाठी टॉर्च. झाकण नखाने उघडायचं, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. ती बॅटरी नाक्यावरच्या दुकानात मिळायची. असे पंचवीस कोटींवर फोन जगात खपले. कंपनीने काही अन्नछत्र उघडलं नव्हतं, बक्कळ नफा कमावला. म्हणजे गरिबाला परवडेल, टिकेल आणि उघडेल अशी वस्तू बनवता येते. पण बनवायची नसते.

आता झाकणच गेलं. बॅटरी डिंकाने चिकटवतात. का? तर म्हणे फोन पातळ हवा, पाणी आत जायला नको. बरं. सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस-५ मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल असा बनवलेला होता आणि त्याचं झाकण हाताने निघायचं. पुढच्याच वर्षी एस-६ आला. झाकण गेलं, मेमरी कार्डाची खाच गेली, आणि कहर म्हणजे पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं! मग डिंक पाण्यासाठी होता, हे कुणाला सांगता?

कार्डाची खाच का नको असते तेही बघा. आयफोनला ती कधी नव्हतीच. २०२३ मध्ये आयफोन १५ भारतात आला. १२८ जीबीचा ७९,९०० रुपये, २५६ चा ८९,९००, ५१२ चा १,०९,९००. बाकी फोन तोच. खाच असती तर हे वरचे दहा न् तीस हजार मागता आले असते का?

२०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून इअरफोनची जागा काढून टाकली. मंचावरून सांगितलं, याला धैर्य लागतं. त्याच मंचावर बिनतारी एअरपॉड दाखवले. भारतातला भाव १५,४०० रुपये. धैर्य त्यांचं, खिसा आपला. २०२० मध्ये डब्यातून चार्जर गेला. कारण पर्यावरण! काही महिन्यांत सॅमसंगनेही तेच केलं. ब्राझीलच्या सरकारने मात्र २०२२ मध्ये दंड ठोकला आणि चार्जरशिवाय आयफोन विकायला बंदी घातली.

भाव कसे ठरतात याचा खरा पुरावा २०१७ च्या डिसेंबरात उघडा पडला. बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग आम्हीच कमी करतो, असं ॲपलने कबूल केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हे कारण. असेल. पण ज्याने पैसे मोजले त्या मालकाला आधी सांगितलं होतं का? लोक खवळले, तेव्हा बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. ५० डॉलर गळून पडले. बॅटरी तीच. बदललं फक्त लोकांचं ओरडणं.

इथे आमचा पांढरपेशा मित्र म्हणतो, “नको तर घेऊ नका. बाजार खुला आहे.” वा रे खुला बाजार! शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर, बँकेचा ओटीपी फोनवर. खाण्याची पार्सलं पोहोचवणाऱ्या पोराचा फोन बसला की त्या दिवसाची रोजी बसली. १ एप्रिल २०२० ला सरकारने मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के केला आणि त्याच वर्षी शाळा मोबाईलमध्ये गेली. त्या वर्षी केरळात एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. घरात स्मार्टफोन नव्हता, टीव्ही नादुरुस्त होता. तिला कोण सांगणार होतं, नको तर घेऊ नकोस म्हणून?

आणि आपल्या पोराने हप्त्यावर फोन घेतला की ह्यांना ती चैन वाटते. हप्ता संपायच्या आत बॅटरी मान टाकते, त्यावर कुणी बोलत नाही.

दुरुस्तीवाल्याचंही तेच. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एस. टी. स्टँडपर्यंत किती पोरं भिंगाखाली सोल्डरिंग करून पोट भरतात. बहुतेकांच्या हातात पदवी नाही, हुन्नर आहे. आयफोन ११ पासून बाहेर पडदा बदलला की फोनच ग्राहकाला इशारा देतो, हा भाग अस्सल असल्याची खात्री नाही. पडदा नीट चालतो, पण बसवणारा हात चालत नाही. ही शिवाशिव आपल्याला नवी नाही.

शेवटी हे सगळं मढं जातं कुठे? दिल्लीच्या सीलमपुरात. तिथे माणसं हाताने फोन फोडतात, तारा जाळून तांबं काढतात. चिकटवलेली लिथियमची बॅटरी उचकटताना फाटली तर पेट घेते. डिंक लावणाऱ्याच्या तोंडावर नाही, काढणाऱ्याच्या तोंडावर.

कायदा आला की तंत्रज्ञान मुकाट्याने जमतं. युरोपने सगळ्यांना एकच चार्जिंगची केबल सक्तीची केली. २०२४ च्या डिसेंबरची मुदत होती, ॲपलने २०२३ मध्येच टाइप-सी आणली. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन दुरुस्तीला किती सोपा याचे गुण किमतीशेजारी लावावे लागले. २०२७ च्या फेब्रुवारीपासून युरोपात ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता आली पाहिजे असा नियम आहे. त्यातही टिकाऊपणाच्या नावाने सवलती घुसवल्यात, पण नियम आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये समिती बसली, पोर्टल निघालं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

तेव्हा मागणी साधी ठेवू. बॅटरी हाताने निघाली पाहिजे. सुटे भाग कुठल्याही दुरुस्तीवाल्याला त्याच भावात मिळाले पाहिजेत. बॅटरीचा आणि पडद्याचा दर डब्यावर, फोनच्या किमतीशेजारी, मराठीत छापला पाहिजे. स्वस्त फोनवरचा कर उतरला पाहिजे.

ही भीक नाही. पैसे आपण मोजलेत. ज्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती आपल्या मालकीची नाही, आपण तिचे भाडेकरू आहोत. आणि भाडं कधी वाढवायचं ते घरमालक ठरवतोय.