तिने त्याला संपवलं का नाही?

‘वुल्फ क्रीक’ हा २००५ सालचा, कमी खर्चात काढलेला ऑस्ट्रेलियन थरारपट. भटकंतीला निघालेल्या दोन ब्रिटिश मुली आणि त्यांचा ऑस्ट्रेलियन मित्र खुन्याच्या तावडीत सापडतात. मुली मरतात, मित्र वाचतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला शून्य तारे दिले. अनेकांना तो आवडलाही.

मला खटकते ती प्रेक्षकांची एक नेहमीची तक्रार: खुनी जखमी होऊन पडला होता, तर लिझने त्याला तिथेच संपवलं का नाही? खरं सांगते, पाहताना माझ्याही मनात हेच आलं.

पण ज्या खऱ्या गुन्ह्यांवरून हा सिनेमा सुचला, त्यांतला एक आठवा. २००१ साली जोआन लीजच्या जोडीदाराचा, पीटर फाल्कोनिओचा, खून झाला. ती बांधलेल्या हातांनी निसटली, झुडपांत तासन्‌तास लपून राहिली. तरी ती चारचौघांत पुरेशी रडली नाही म्हणून वर्तमानपत्रांनी तिच्यावरच संशय घेतला. ब्रॅडली मर्डॉक दोषी ठरला तो डिसेंबर २००५ मध्ये.

म्हणजे मेली तर मूर्ख, वाचली तर संशयित. मैत्रिणींनो, पडद्यावर असो वा कोर्टात, जाब तिलाच का विचारायचा?