शेरा आणि शेरेबाजी

नोव्हेंबरात टेनिसचा मोसम संपला की मराठी पुरवण्यांतून खेळाडूंची 'प्रगतिपुस्तके' निघू लागतात. अमुक विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण, तमुकास एटीकेटी, तिसऱ्याच्या पालकांनी येऊन भेटावे. हा लेखनप्रकार आम्हांला आवडतो, हे आधीच नमूद करतो. कारण पुढचे वाचून आम्ही विनोदाचे वैरी आहोत असा समज होण्याचा संभव आहे, आणि मराठीच्या प्राध्यापकांविषयी तो समज तसाही प्रचलित आहेच. आमची तक्रार विनोद का केला अशी नाही, तो कोणाकडे वळवला याविषयीची आहे. क्रमवारीच्या माथ्यावरील परदेशी खेळाडूची थट्टा नेहमी लाडिक असते, आणि शंभराच्या, दोनशेच्या पलीकडे झुंजणाऱ्या आपल्या खेळाडूची थट्टा कुत्सित. यातल्या पहिल्याला मराठी वाचता येत नाही. दुसऱ्याला, किंवा निदान त्याच्या घरच्यांना, अनेकदा येते.

या प्रकाराचे मूळ इंग्रजी वृत्तपत्रांत शोधण्याची प्रथा आहे. आमच्या मते ते आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात आहे. ज्याला पूर्वी 'शेलापागोटे' म्हणत आणि आता सगळे 'फिशपाँड'च म्हणतात, तो कार्यक्रम म्हणजे वर्षअखेरचे विनोदी मूल्यमापनच होय. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात, निवेदक त्या वाचतो, आणि ज्याच्यावर चिठ्ठी असते तो सभागृहातच बसलेला असतो. परभणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत या चिठ्ठ्या आधी चाळून देण्याचे काम बहुधा मराठी विभागाच्या गळ्यात पडते. विनोद हा मराठीचा विषय आहे, असे कार्यालयाचे मत असावे. हे काम करता करता आमच्या हाती एक साधी कसोटी लागली आहे. चिठ्ठीवरचे नाव अंगठ्याने झाकायचे आणि उरलेला मजकूर वाचायचा. माणूस ओळखू आला तर चिठ्ठी ठेवायची. तोच मजकूर वर्गातल्या कोणाही सावळ्या मुलीला, कोणाही जाड्या मुलाला, खेड्यावरून एसटीने येणाऱ्या कोणालाही लागू पडत असेल, तर ती केराच्या टोपलीत. चांगल्या चिठ्ठ्या एकाच बाकावर वर्ष काढलेल्यांच्या असतात, हे येथे सांगितले पाहिजे. ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेच नाही, त्यांच्याकडे लिहिण्यासारखे फक्त रंग, जाडी आणि गाव एवढेच असते.

हीच कसोटी टेनिसच्या प्रगतिपुस्तकांना लावून पाहावी. 'यंदा दुखापतींचे ग्रहण लागले', 'पहिल्याच फेरीत गारद होण्याची परंपरा राखली', 'अपेक्षांचे ओझे पेलवले नाही'. नाव झाकले तर ही वाक्ये कोणाची? कोणाचीही. उलट, पुण्यातील बालेवाडीच्या २०१९च्या अंतिम सामन्याची थट्टा करायची झाली, तर ती एकाच माणसाची होऊ शकते. इव्हो कार्लोविच, वय एकोणचाळीस, उंची दोन मीटर अकरा सेंटिमीटर. केव्हिन अँडरसनकडून ७-६, ६-७, ७-६ असा हरलेला. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले. या गृहस्थाला समोरच्याची सर्व्हिस परतवण्यात कधी फार रस नव्हता आणि स्वतःची सर्व्हिस परत येऊ द्यायची नाही असा त्याचा बाणा होता. त्यामुळे सामना म्हणजे आलटून पालटून दिलेली दोन भाषणे. हे विधान खुशाल उडवाउडवीचे म्हणावे, पण ते करण्यासाठी सामना पाहावा लागतो. (बिनतोड सर्व्हिस हा शब्द ज्या कोणा उपसंपादकाने रूढ केला त्याला आमचा नमस्कार. मराठी क्रीडापत्रकारितेने घडवलेल्या शब्दांत इतका नेमका दुसरा क्वचितच असेल. याच पानांवर 'मानांकन' आणि 'क्रमवारी' मात्र खुशाल एकमेकांच्या जागी वापरली जातात.)

मराठीत याला चांगले उदाहरण आहे. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'तील विडंबने १९२५ साली आली. समकालीन कवींची वृत्ते, लकबी, आवडते शब्द आणि नावडते यमक यांचा बारीक अभ्यास असल्यावाचून ती लिहिता येणे शक्य नव्हते. ज्यांची टर उडवली ते प्रतिष्ठित होते आणि त्यांना मराठी उत्तम वाचता येत होते. लिहिणारा लपून बसला नव्हता; टोपणनावाआडचे प्रल्हाद केशव अत्रे सर्वांना ठाऊक होते. ज्याने उत्तरपत्रिका वाचली आहे त्याचा तो शेरा असतो. वाचण्याआधीच जी लिहिता येते ती शेरेबाजी. मराठीने या दोन गोष्टींसाठी दोन शब्द ठेवले आहेत आणि वर्षअखेरच्या पुरवण्यांत दुसऱ्याच गोष्टीला पहिले नाव दिले जाते.

आता उत्तरपत्रिकेतच काय असते ते पाहू. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत एकशे अठ्ठावीस जण उतरतात आणि दोन आठवड्यांनी त्यांपैकी एकशे सत्तावीस जण हरून परततात. ज्या परीक्षेत एकच विद्यार्थी उत्तीर्ण होतो तिचा निकाल 'नापास' या शब्दात सांगणे हा विनोद नव्हे, गणिताचा अभाव आहे. 'पहिल्याच फेरीत गारद' झालेल्या खेळाडूला त्या फेरीपर्यंत पोहोचण्यासाठी जगातल्या पहिल्या शंभर-सव्वाशेत यावे लागते, नाहीतर पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागतात. त्यात गुणांची रीत अशी की ते बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात स्पर्धा जिंकली, त्याच आठवड्यात यंदा ते गुण गळून पडतात. खेळाडू तितकाच चांगला खेळत राहिला तर तो आहे तिथेच राहतो, आणि एक महिना पाठ धरली तर खाली येतो. या खाली येण्याला आपले लेखक 'घसरगुंडी' म्हणतात. शब्द मजेदार आहे. बागेतल्या घसरगुंडीला मात्र निदान वर चढायची शिडी त्याच जागी उभी असते.

सुमित नागलचे उदाहरण घ्या. तो हरियाणातील झज्जरचा, पण येथे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२३मध्ये त्याने उघडपणे सांगितले की आपल्या बँकखात्यात नऊशे युरो आहेत. जानेवारी २०२४मध्ये हाच मुलगा ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पात्रता फेरी पार करून आला आणि त्याने एकतिसाव्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा याआधीचा भारतीय पुरुष म्हणजे १९८९चा रमेश कृष्णन. त्या जुलैत नागल अडुसष्टाव्या स्थानी होता. पुढच्या वर्षी ते गुण गेले आणि तो शंभराबाहेर गेला. या दोन वर्षांत करुण, हास्य, अद्भुत असे किमान तीन रस आहेत. त्यांपैकी एकही न चाखता 'पुन्हा मूळ पदावर' असा शेरा मारून मोकळे होणे हे विनोदी लेखकाला शोभत नाही, आळशी परीक्षकाला शोभते.

महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेची गोष्ट तर प्रगतिपुस्तकाच्या रकान्यात बसतच नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला होता. पुढचा ६-३ घेतला आणि निर्णायक टायब्रेकर १०-४. या सुवर्णपदकाबद्दल जागतिक क्रमवारीत मिळणारे गुण शून्य. म्हणजे डिसेंबरात जो लेखक क्रमवारी समोर ठेवून मूल्यमापन करायला बसतो, त्याच्या कागदावर तिचा तो दिवस उमटतच नाही. आम्हां अध्यापकांना हे दुःख परके नाही. २०१०च्या विनियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने आमचेही वर्ष गुणांत मोजायला सुरुवात केली, तेव्हा चर्चासत्राच्या प्रमाणपत्राला गुण होते, आणि जिंतूर-सेलूकडून येणाऱ्या एखाद्या मुलाने अभंग पहिल्यांदा न अडखळता वाचला त्या तासाला रकाना नव्हता. असो.

सानिया मिर्झाकडे वळतो, कारण हैदराबाद आमच्यापासून लांब नाही. १९५६पर्यंत परभणी हैदराबाद राज्यातच होती. २००५ साली तिने हैदराबादची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली आणि अमेरिकन स्पर्धेत चौथी फेरी गाठली. त्याच वर्षी देशभर चर्चा झडली ती तिच्या स्कर्टच्या लांबीवर. २००७मध्ये ती एकेरीत सत्ताविसाव्या स्थानी होती, २००८मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली, पुढे तिने एकेरी सोडून दुहेरी धरली, २०१५मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली, आणि एकूण सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवून २०२३मध्ये निवृत्त झाली. तिच्या फोरहँडवर, त्या विलक्षण ताकदीच्या आणि कधीकधी बेफाम फटक्यावर, एक खरा विनोदी परिच्छेद लिहिण्याजोगा होता. आम्हांला तो मराठीत वाचल्याचे स्मरत नाही. कपडे, लग्न, 'एकेरीतला अपेक्षाभंग' यांवरच्या कोट्या मात्र विपुल. फिशपाँडच्या पेटीतील ज्या चिठ्ठ्या आम्ही टोपलीत टाकतो, त्याच या.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: 'सर, विनोदाकडे काय इतके गांभीर्याने पाहता? वाचणाऱ्याला हसू आले की झाले.' हा आक्षेप घेणारे फेडररवर मात्र कधी विनोद करीत नाहीत. तिथे 'टेनिससम्राट', 'कलेचा पुजारी', 'निळ्याशार आकाशातला गरुड' अशी विशेषणांची आरती चालते. विनोदाला खरोखरच कोणतेही बंधन नको असेल, तर ते सम्राटाच्या बाबतीतही नसावे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावावर आपण शंभर वर्षे हसत आलो, कारण तिथे लेखक हास्याच्या खालच्या पायरीवर स्वतः उभा आहे. वर उभे राहून खाली मारलेली कोटी ही हसू आले तरी वेगळ्या जातीची असते, हे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवताना आम्हांला कधी अडचण आलेली नाही.

आणि गंमत अशी की या प्रकारातले उत्तम शेरे स्वतः खेळाडूंनीच लिहिले आहेत. १९७९च्या मोसमाची अखेरची मास्टर्स स्पर्धा जानेवारी १९८०मध्ये न्यूयॉर्कला झाली. जिमी कॉनर्सकडून ओळीने सोळा सामने हरलेला व्हिटास गेरुलायटिस तिथे एकदाचा जिंकला, आणि आपल्याला लागोपाठ सतरा वेळा कोणीही हरवू शकत नाही, असे त्याने पत्रकारांना बजावले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेवटचा सामना हरल्यावर अँडी मरेने जाहीर केले की आपल्याला टेनिस तसेही कधी आवडले नव्हते. नाव झाकून पाहा. दोन्ही ओळखू येतात.

नुसती टीका करून आम्ही हात झटकणार नाही. २०२५च्या मोसमासाठी आमच्या विभागाने चहाच्या सुट्टीत तयार केलेले काही शेरे असे. सिनर: पॅरिसच्या अंतिम सामन्यात पेपर पूर्ण लिहून झाला होता, तीनदा घंटेकडे कान लावला, घंटा झालीच नाही, पाच आठवड्यांनी विम्बल्डनला त्याच विद्यार्थ्यासमोर पेपर पुन्हा दिला आणि पहिला आला. अल्काराज: पाच तास एकोणतीस मिनिटे चाललेल्या त्याच पॅरिसच्या पेपरात पुरवण्या मागतच राहिला, पर्यवेक्षक थकले. जोकोविच: वय अडतीस, चारही ग्रँड स्लॅममध्ये उपांत्य फेरीपर्यंत हजेरी, बरोबरीचे सारे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले, हा अजून फी भरतो. झ्वेरेव: तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असते, ओठांपर्यंतही येते; आजवर तीन अंतिम सामने, तिन्ही वेळा पुढचे बोलावले गेले. बोपण्णा: नोव्हेंबरात पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त, त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन दुहेरी जिंकून जगात पहिला झालेला हा विद्यार्थी इतकी वर्षे मागच्या बाकावर बसून होता, आणि वर्गशिक्षक दर डिसेंबरात फक्त एकेरीची हजेरी घेत होते.