होमर कानाने निवडावा

होमर वाचायचा तर सर्वांत शब्दशः भाषांतर घ्यावं, बाकीचे अनुवादक आपलंच काव्य त्याच्या नावावर खपवतात, असं सांगणारे जाणकार हमखास भेटतात. ग्रीक न येणाऱ्या, इंग्रजीच्या वाटेने होमरकडे जाणाऱ्या मराठी वाचकाला हा सल्ला पटतोही. मला तो पटत नाही.

आधी त्या पक्षाची सर्वांत बळकट बाजू मांडतो. होमरची भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. आयोनियन आणि एओलियन बोलींची, जुन्या-नव्या रूपांची ती सरमिसळ. अभिजात काळातल्या अथेन्सकरांनाही तिच्यातले काही शब्द समजावून घ्यावे लागत. मग अनुवाद तरी सोपा कशाला हवा? फ्रान्सिस न्यूमनने १८५६ मध्ये ‘इलियड’चं मुद्दाम जुनाट वळणाचं भाषांतर केलं, ते याच हिशेबाने. मॅथ्यू आर्नल्डने ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत त्याची सालटी काढली. होमर वेगवान आहे, सरळ आहे आणि उदात्तही आहे, असं त्याचं म्हणणं. न्यूमनने उत्तर दिलं, आर्नल्डने प्रत्युत्तर.

विद्वत्तेत न्यूमन कमी नव्हता. पण जुनी भाषा म्हणजे परकी भाषा नव्हे, हे त्याच्या हिशेबात आलं नाही. ज्ञानेश्वरीतली मराठी आज कुणी बोलत नाही, तरी पारायणाला बसलेला वारकरी तिला बिचकत नाही. ती त्याच्या कानांत लहानपणापासून मुरलेली असते. होमरचा श्रोता तसाच होता. दर चार ओळींना ठेच लागणारं भाषांतर शब्दांशी प्रामाणिक असेलही, त्या श्रोत्याशी नाही.

आणि शब्दांशी तरी? ‘ओडिसी’च्या २२व्या सर्गात नायकाचा मुलगा टेलेमॅकस १२ दासींना फासावर चढवतो. त्याआधी तो त्यांच्याविषयी बोलतो, तिथे ग्रीकमध्ये ‘त्या’ अशा अर्थाचं साधं स्त्रीलिंगी सर्वनाम आहे. रॉबर्ट फेगल्सच्या १९९६च्या अनुवादात तिथे बाजारू शिवी आली. काटेकोर म्हणून गाजलेल्या रिचमंड लॅटिमोरनेही त्यांना हिणवणारा शब्द घातला. एमिली विल्सन यांनी २०१७ मध्ये नुसतं ‘मुली’ म्हटलं. आजची मतं होमरवर लादल्याचा आरोप होतो तो मात्र विल्सन यांच्यावर! या जागी तरी लादणारे दुसरेच निघाले.

विल्सन यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. ग्रीक ओळीत १२ ते १७ अक्षरावयव असतात. त्यांनी ओळींची संख्या मुळाइतकीच ठेवली, पण इंग्रजी ओळ साधारण १० अवयवांची घेतली. साहजिकच विशेषणं गळाली. त्याहून मला खटकतं ते दुसरंच. गुलाबी बोटांची उषा मूळ काव्यात पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत उगवते. विल्सन दर वेळी शब्द पालटतात. होमर-अभ्यासक मिलमन पॅरीने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांना ऐकून पडताळलं होतं की ठरीव शब्दबंध हा तोंडी रचना करणाऱ्या कवीचा कणाच असतो. पोवाड्याचं ध्रुपद दर खेपेला नव्या शब्दांत म्हणणाऱ्या शाहिराला आपल्याकडे लोक खाली बसवतील.

तेव्हा पुस्तक घेण्याआधी दोन पानं मोठ्याने वाचावीत. घरचे हसले तर हसू देत. ‘ओडिसी’साठी मी विल्सन यांनाच घेतो. ती गोष्ट आहे, ती धावायला हवी, आणि त्यांच्या हाती ती धावते. ‘इलियड’साठी मात्र मी लॅटिमोरचं १९५१चं भाषांतर उघडतो. ते शब्दशः आहे म्हणून नव्हे. तिथे योद्धा कोसळतो, अंगावरची शस्त्रं खणखणतात, आणि लॅटिमोर ती ओळ पालटत नाही. पहिल्यांदा ती नुसती कानावरून जाते. पुढे पुढे भाला सुटला की ती यायच्या आधीच ऐकू येऊ लागते.